हरवलेल्या पेढीचा चित्रपट

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. पुण्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतण्याची हजेरी कमी भरल्याचे पत्र त्याच्या महाविद्यालयाकडून आले. वसतिगृहात चौकशी केली, तेव्हा कळले की हा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसलेला असतो आणि सकाळच्या तासांना उठत नाही. इतका वेळ करतो तरी काय, असे विचारल्यावर त्याच्या खोलीतील सोबत्याने भोळेपणाने सांगून टाकले, "काका, तो मायनक्राफ्टमध्ये बार्शी बांधतोय."

बार्शी हे आमचे गाव. तेथे आमचे धान्याचे आडत दुकान चार पिढ्यांपासून चालत आले आहे. थोरल्या बंधूंनी ते पत्र दोनदा वाचले, घडी घालून गल्ल्यात ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "दिवाळीला आला की परत पाठवायचा नाही. गादीवर बसू दे." घरात कोणी उलट बोलले नाही. आमचे वडील, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणून ओळखते, पंच्याऐंशीच्या घरातले. ते तेवढे म्हणाले, "आधी तो काय बांधतोय ते तर पाहू."

आप्पांच्या त्या एका वाक्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. हजेरी बुडवून मुलगा खेळ खेळत होता की अभ्यास करत होता, हा साधा प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर शोधताना जगभरच्या विद्यापीठांनी गेल्या वीस वर्षांत केलेला एक मोठा प्रयोग नजरेसमोर आला. आपल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा आहे. म्हणून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

खेळ आणि जग यांतील अंतर

संगणकावरील खेळात बहुधा एक उद्दिष्ट असते: शत्रूला हरवायचे, गुण मिळवायचे, पुढची पायरी गाठायची. आभासी जगात असे उद्दिष्ट कोणी ठरवून दिलेले नसते. तेथे जमीन असते, आकाश असते, आपले एक कृत्रिम रूप असते आणि त्या रूपाने चालावे, बोलावे, इतरांना भेटावे, काही उभारावे एवढीच मुभा असते. त्या कृत्रिम रूपाला इंग्रजीतही आपलाच शब्द लाभला आहे. त्याला 'अवतार' असे म्हणतात.

अशा जगांपैकी सर्वांत गाजलेले 'सेकंड लाइफ' हे जून २००३ मध्ये खुले झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने ते निर्माण केले आणि फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक. कंपनीने जमीन दिली. त्यावरील घरे, बागा, रस्ते, कपडे हे सारे तेथे वावरणाऱ्या लोकांनी स्वतः घडवले. जो घडवील त्याचा त्या निर्मितीवर हक्क राहील, असे धोरण कंपनीने त्याच वर्षी स्वीकारले. त्या जगाचे स्वतःचे चलनही होते आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येई. व्यापारी वाचकांच्या लक्षात आलेच असेल की जेथे मालकी हक्क आणि चलन आले, तेथे बाजार भरायला वेळ लागत नाही. जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ या महिलेने 'अँशी चुंग' या नावाने तेथे जमिनी घेऊन, त्या सजवून, तुकडे पाडून विकण्याचा व भाड्याने देण्याचा धंदा केला. मे २००६ मध्ये 'बिझनेसवीक' या प्रतिष्ठित अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा अवतार झळकला.

विद्यापीठांचे लक्ष या जगाकडे गेले ते याच सुमारास. २००६ मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातील प्राध्यापक चार्ल्स नेसन यांनी आपली कन्या रिबेका नेसन हिच्यासह एक अभ्यासक्रम घेतला. त्यासाठी 'सेकंड लाइफ'मध्ये महाविद्यालयाच्या इमारतीची आणि तिच्यातील न्यायदालनाची प्रतिकृती उभारली होती. दूरवर राहणारे विद्यार्थी त्या दालनात अवताररूपाने येऊन बसत, प्रश्न विचारत, वाद घालत. पडद्यावर शिक्षकाचा चेहरा पाहणे आणि शिक्षकासह एकाच दालनात असल्याची जाणीव होणे, यांतील फरक तेथे प्रथम अनेकांना उमगला. पाठोपाठ शेकडो शिक्षणसंस्थांनी तेथे आपापली 'बेटे' घेतली.

भाड्याच्या जागेवरील विद्यापीठे

पुढे जे घडले ते आपल्यासारख्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. लिंडेन लॅब शिक्षणसंस्थांना जमिनीच्या दरात सुमारे निम्मी सवलत देत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की नव्या वर्षापासून ही सवलत बंद होईल. ज्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे खपून आभासी प्रयोगशाळा, वाचनालये, नाट्यगृहे उभारली होती, त्यांच्यापुढे दुप्पट भाडे भरा किंवा जागा सोडा असा पेच उभा राहिला. बऱ्याच संस्था बाहेर पडल्या. काही 'ओपनसिम' या मुक्त प्रणालीकडे वळल्या, जेथे जग चालवणारा संगणक आपल्याच ताब्यात ठेवता येतो. २०१३ मध्ये कंपनीने सवलत पुन्हा सुरू केली; पण गेलेले सगळेच गिऱ्हाईक परतले नाही.

दुकान कितीही सजवले तरी जागा दुसऱ्याची असेल तर चावीही दुसऱ्याचीच, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. विद्यापीठांनी तो धडा नव्याने घेतला.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा होता. ज्या संस्थांनी आभासी जगात केवळ वर्गखोली बांधली, बाके मांडली आणि तेथेही शिक्षकाचे व्याख्यानच ठेवले, त्यांचे विद्यार्थी तेथेही कंटाळले. जांभई अवताराला येत नाही, एवढाच काय तो फरक. मात्र ज्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती काही करण्याजोगे काम सोपवले, त्यांचा प्रयोग टिकला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने 'सेकंड लाइफ'मध्ये आपली वास्तू उभारली आणि तेथे कलाकृतींच्या व चित्रपटांच्या स्पर्धा भरवल्या. चित्रपटांची स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. त्या जगातच कॅमेरा लावून, तेथेच पात्रे उभी करून तयार केलेले लघुपट त्यासाठी दूरदूरच्या देशांतून येत असत.

आभासी जग आणि चित्रपट यांची गाठ येथे पडते.

यंत्रातला सिनेमा

आभासी जगात चित्रित केलेल्या चित्रपटाला 'मशिनिमा' म्हणतात. 'मशीन' आणि 'सिनेमा' या दोन शब्दांचा हा संकर आहे. त्याचा उगम मात्र अगदी वेगळ्या ठिकाणी झाला. 'क्वेक' नावाच्या गोळीबाराच्या खेळात खेळाडूंच्या हालचाली नोंदवून ठेवण्याची सोय होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये काही खेळाडूंनी त्या सोयीचा उपयोग करून 'डायरी ऑफ अ कॅम्पर' नावाची दीड-दोन मिनिटांची छोटी गोष्ट तयार केली. मारण्यासाठी बनवलेले जग कथा सांगण्यासाठीही वापरता येते, हे त्या मुलांच्या ध्यानात आले. हिंसक खेळांविषयी आपल्या घरांत जी नापसंती आहे, ती मी बाळगतो. तरीही ज्यांनी शस्त्राच्या जगात शिरून तेथून गोष्ट बाहेर आणली, त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

या माध्यमाची ताकद दिसली ती २००५ मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसच्या एका उपनगरात पोलिसांपासून लपण्यासाठी विजेच्या उपकेंद्रात शिरलेली दोन किशोरवयीन मुले धक्का बसून मरण पावली आणि फ्रान्समध्ये दंगली उसळल्या. ॲलेक्स चॅन या तरुणाने त्याआधी कधीही चित्रपट बनवला नव्हता. त्याचे आईवडील हाँगकाँगहून आलेले आणि तो स्वतः अशाच उपनगरात राहणारा. 'द मूव्हीज' नावाचा एक खेळ नुकताच बाजारात आला होता, ज्यात खेळाडूला चित्रपट निर्माता होता येई. त्या खेळातच चॅनने 'द फ्रेंच डेमॉक्रसी' हा तेरा मिनिटांचा चित्रपट काही दिवसांत तयार केला. उपनगरातील तरुणांचा राग कोठून येतो, हे त्याला सांगायचे होते. खेळात पॅरिसची दृश्ये नव्हती, म्हणून न्यूयॉर्कच्या धाटणीचे भुयारी स्थानक त्याने पॅरिसचे म्हणून वापरले. इंग्रजी मथळे मोडकेतोडके होते. तरीही तो चित्रपट जगभर पाहिला गेला आणि मोठ्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. ज्याच्याजवळ ना कॅमेरा, ना नट, ना भांडवल, त्यालाही आपले म्हणणे चित्रपटातून मांडता येते, हे त्याने सिद्ध केले.

आपल्याकडे याचे स्मरण करून देणारी कथा आहेच. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आणला. पण त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप कुंडीतून कसे वर येते, हे दाखवणारा एक लहानसा चित्रपट तयार केला होता. तो पाहिल्यावर पैसे देणारा पुढे आला. तरीही विम्याचे कागद आणि सरस्वतीबाईंचे दागिने गुंतलेच. आज फाळक्यांच्या जागी असलेल्या विद्यार्थ्याला ती पहिली पायरी घरातील संगणकावर, दागिन्यांना हात न लावता चढता येते. लॅटव्हिया या छोट्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस याने आपला पहिला मोठा चित्रपट 'अवे' जवळजवळ एकट्याने केला. त्याचा पुढचा चित्रपट 'फ्लो' हा 'ब्लेंडर' या विनामूल्य प्रणालीवर तयार झाला आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. कागदावर आधी चित्रे काढून ठेवण्याऐवजी त्याने संगणकातील जगातच कॅमेरा फिरवत दृश्ये शोधली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बंद दारांमागील दोन वर्षे

२०२० साली महामारीने जगातील महाविद्यालये बंद पाडली, तेव्हा हा सारा प्रयोग अचानक गरजेचा ठरला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'मायनक्राफ्ट'मध्ये आपल्या परिसराची प्रतिकृती बांधली. शंभराहून अधिक इमारती त्यांनी विटेवर वीट ठेवून उभारल्या आणि १६ मे २०२० रोजी तेथे पदवीदानाचा सोहळा साजरा केला. कुलगुरू कॅरोल क्राइस्ट यांनी तेथे भाषण केले. हे कोणा प्राध्यापकाने नेमून दिलेले काम नव्हते. घरी परतावे लागलेल्या मुलांनी आपले हरवलेले महाविद्यालय स्वतःसाठी परत मिळवले होते.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला आपल्या पवई येथील आयआयटी मुंबईने आभासी पदवीदान केले. प्रत्येक विद्यार्थ्याचा अवतार मंचावर आला आणि संचालकांच्या अवताराकडून त्याने पदवी स्वीकारली. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ डंकन हॉल्डेन हे प्रमुख पाहुणे होते. सभागृहातील आसनांच्या मर्यादेमुळे एरवी ज्या आजी-आजोबांना हा क्षण पाहता आला नसता, त्यांनी तो घरी बसून पाहिला.

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलेन्सन हे प्राध्यापक २००३ पासून आभासी वास्तवावर अभ्यासक्रम घेतात. २०२१ मध्ये त्यांनी प्रथमच तो पूर्णपणे आभासी जगात घेतला. डोळ्यांवर चढवायचे संच विद्यार्थ्यांकडे पोहोचवले गेले आणि शेकडो विद्यार्थी तेथे एकत्र जमले. या माध्यमाचे ते मोठे जाणकार, आणि तरीही त्याचा वापर जपून करावा असे सांगणारे. त्यांचा निकष व्यवहारी आहे. जी गोष्ट प्रत्यक्षात करणे धोक्याचे, अशक्य, फार खर्चाचे किंवा हानिकारक असेल, तीच आभासी जगात करावी. जे वर्गात, अंगणात किंवा गच्चीवर सहज होते, त्यासाठी डोळ्यांवर यंत्र चढवू नये.

याच काळात जो हंटिंग या तरुण ब्रिटिश दिग्दर्शकाने 'वी मेट इन व्हर्च्युअल रिॲलिटी' हा संपूर्ण माहितीपट 'व्हीआरचॅट' या आभासी जगात चित्रित केला. २०२२ च्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला. त्यात मूकबधिरांची खाणाखुणांची भाषा शिकवणारा एक वर्ग आहे. तेथील काही साधने बोटांच्या हालचाली टिपतात, म्हणून ती भाषा त्या जगात बोलता येते. ही बोटांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

विद्यार्थी का गुंततो?

आता मूळ प्रश्न. जो मुलगा सकाळच्या तासाला उठत नाही, तो रात्री दोनपर्यंत एका कामात का बुडून जातो?

व्याख्यानात विद्यार्थी घेणारा असतो. चित्रपट करताना तो देणारा होतो. त्याने केले नाही तर काम अडते आणि चार सोबती खोळंबतात. एक जण संहिता लिहितो, दुसरा इमारती उभारतो, तिसरा आवाज नोंदवतो, चौथा कॅमेरा फिरवतो, पाचवा जोडणी करतो. ठरलेल्या दिवशी चित्रपट सर्वांसमोर दाखवायचा असतो. उत्तरपत्रिका एकट्या परीक्षकाच्या नजरेस पडते, चित्रपट मित्रांना, शिक्षकांना, घरच्यांना दिसतो. मोंढ्यात माल उघड्यावर मांडला की व्यापारी तो आपोआप निवडून, पाखडून आणतो. तसेच हे आहे.

दुसरे कारण असे की आभासी जग अर्धवट माहिती खपवून घेत नाही. निबंधात 'जुन्या बाजारपेठेत मोठी वर्दळ असे' असे लिहून पुढे जाता येते. तेच दृश्य उभारायचे म्हटले की दुकानाची रुंदी किती, पायऱ्या किती, दार कोणत्या बाजूला उघडते, काटा कोठे लावलेला, हे सारे कळल्याखेरीज एक वीटही ठेवता येत नाही. 'मायनक्राफ्ट'मधील प्रत्येक ठोकळा एक घनमीटर मानला जातो. मोजमाप चुकले की भिंत चुकते आणि ती सर्वांना दिसते.

अर्थात या प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. चांगला संगणक महाग असतो आणि तो सर्वांकडे नसतो. त्यामुळे गटात ज्याच्याकडे संगणक तोच सारे काम करतो आणि इतर नावापुरते राहतात. डोळ्यांवर चढवायच्या संचाने काहींना भोवळ येते. अनोळखी लोकांनी भरलेल्या जगात वय लपवून वावरणारेही असतात. आणि सर्वांत मोठा धोका आमच्याच घरी दिसला होता: काम आणि व्यसन बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत डोळे पडद्यावर, दोन्हींत झोप अर्धी. त्यांतील फरक ओळखण्याचा एकच मार्ग मला सापडला. मुलाला विचारावे, "काय तयार झाले? दाखव." जो खेळतो, त्याच्याकडे दाखवण्यासारखे फारसे काही नसते. जो काम करतो, तो दाखवायला उत्सुक असतो.

गादी कुठे होती?

दिवाळीला पुतण्या घरी आला. वडिलांशी नजर मिळवत नव्हता. संध्याकाळचे जेवण आटोपल्यावर आप्पांनीच त्याला जवळ बोलावले आणि म्हणाले, "दाखव बाबा, तुझी बार्शी."

तेव्हा सारा उलगडा झाला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही इतर शाखेचा एखादा विषय घेता येतो. त्याने दृक्‌श्राव्य माध्यमाचा घेतला होता. शिक्षिकेने प्रत्येक गटाला एकच काम दिले होते: आज अस्तित्वात नसलेली एक जागा आभासी जगात उभारा आणि तिच्यावर सहा मिनिटांचा चित्रपट करा. या मुलाने आमची जुनी पेढी निवडली होती. स्टेशनच्या रस्त्यावरील ती पेढी रस्तारुंदीत गेली, तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आजचे दुकान बाजार समितीच्या आवारात आहे.

संगणकावर रस्ता दिसला, दुतर्फा दुकाने दिसली. पलीकडे १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडीही त्याने उभी केली होती. मग पेढीचे दार उघडले आणि आम्ही आत गेलो. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर बोट पडद्याला लावून म्हणाले, "गादी इथे नव्हती. दारातून येणारा शेतकरी थेट समोर दिसला पाहिजे, म्हणून डाव्या हाताला होती. मुनीमजी तिच्या मागे. आणि तिजोरी अशी उघड्यावर कोण ठेवील?"

मुलाने वही काढली. त्या रात्री आजोबा सांगत गेले आणि नातू लिहीत गेला. किती पायऱ्या, पोत्यांची थप्पी किती उंच, रोजकीर्द कोणत्या कोनाड्यात, उन्हाळ्यात पाण्याचा रांजण कोठे. अकराच्या सुमारास आप्पांनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

"दुकान चांगले बांधलेस. पण हमाल कुठे आहेत?"

चित्रपटात पेढी रिकामी होती. भिंती होत्या, माणसे नव्हती. आप्पा म्हणाले, "आपण गादीवर बसायचो, पण दुकान त्यांच्या पाठीवर चालायचे. ते नसतील तर ही पेढी कशाची? वखारच की."

दुसऱ्या दिवशी दोघे जण एका जुन्या हमालाच्या घरी गेले. वय ऐंशीच्या पुढचे. त्यांनी पोते पाठीवर घेताना घालायची साद मुलाच्या मोबाइलमध्ये नोंदवून दिली, आणि हमाली कोणत्या वर्षी किती मिळे, कोणत्या वर्षी त्यासाठी भांडावे लागले, तेही सांगितले. भांडण आमच्याच पेढीशी झाले होते. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. परतताना नातवाने विचारले, "आजोबा, हे घालू का चित्रपटात?" आप्पा म्हणाले, "घाल. जमाखर्चात नावेची बाजू लपवायची नसते."

आणखी एक अडचण निघाली. पूर्वी धान्याचा सौदा रुमालाखाली होई. दोघांचे हात रुमालाखाली आणि बोटे दाबून भावाची बोलणी; शेजारच्याला पत्ता लागत नसे. पुढे बाजार समितीच्या नियमांनी उघड लिलाव आला आणि ही रीत मागे पडली. ती दाखवल्याशिवाय जुना बाजार पुरा होणार नव्हता. पण 'मायनक्राफ्ट'मधील माणसांना बोटेच नसतात. त्यांचे हात म्हणजे नुसते ठोकळे. मुलाने दोन दिवस डोके खाजवले. अखेर त्याने मोबाइल उभा केला, आप्पांना आणि मला समोरासमोर बसवले, हातांवर रुमाल टाकला आणि खऱ्या हातांचे चित्रण केले. आभासी पेढीच्या मधोमध ती तीस सेकंदे जोडली. आप्पांची बोटे माझ्या तळहातावर दाबली जात होती आणि मला त्यांचा अर्थ लागत नव्हता. हा व्यवहार मी कधी शिकलोच नव्हतो. पन्नास वर्षे एका दुकानात बसून वडिलांजवळचे एवढे ज्ञान मी मागितले नाही, आणि ते मागून घेतले त्या मुलाने, ज्याला आम्ही वाया गेलेला समजत होतो.

हिशेब

थोरल्या बंधूंनी चित्रपट पाहिला. सहा मिनिटे संपल्यावर ते उठून आत गेले, गल्ल्यातले पत्र आणले आणि मुलाच्या हातात देत म्हणाले, "हजेरीचे काय करणार, ते आधी सांग." मुलाने उरलेल्या सत्रातील एकही तास न बुडवण्याचे कबूल केले, आणि ते पाळले. एका विषयात तो तरीही नापास झाला. पुढच्या सत्रात ती परीक्षा त्याने पुन्हा दिली. चित्रपटामुळे सारे माफ झाले, असे घडले नाही आणि घडायलाही नको होते. मात्र गादीवर बसवण्याचा विषय पदवी होईपर्यंत मिटला.

पुढे तो काय करील, हे मी सांगू शकत नाही. २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली आहे आणि ॲनिमेशन, खेळनिर्मिती, आभासी वास्तव यांचे शिक्षण तेथे मिळते, हे त्याने आम्हांला ऐकवले आहे. बंधूंनी त्यावर फी, नोकरी आणि अभ्यासक्रमाची मान्यता यांविषयी तीन प्रश्न विचारले आहेत. उत्तरे लेखी हवीत, अशी अट घातली आहे. ती अट रास्त आहे. या क्षेत्रात मोठी आश्वासने देऊन मोठी फी घेणारेही पुष्कळ आहेत. मालाचा नमुना पाहिल्याखेरीज सौदा करू नये, हा नियम येथेही लागू होतो. आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेली कामे पाहावीत, त्यांतील दोघा-चौघांशी बोलावे आणि मगच निर्णय घ्यावा.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. पडद्यासमोर बसलेली, बोलावले तर न ऐकणारी. रागावण्यापूर्वी एकदा खुर्ची ओढून शेजारी बसावे आणि काय चालले आहे ते पाहावे. कदाचित खरोखरच वेळेचा अपव्यय असेल. मग अवश्य रागवावे. कदाचित तेथे तुमचीच एखादी पाडलेली भिंत उभी राहत असेल, आणि ती कोठे चुकली आहे, हे सांगणारे घरात फक्त तुम्हीच असाल.

आमच्याकडे आप्पा आता दर रविवारी पुण्याला फोन लावतात. बहुधा काहीतरी आठवलेले असते. गेल्या रविवारी म्हणाले, "अरे, पेढीच्या पायरीशी एक घंगाळ असायचे, शेतकऱ्यांना पाय धुवायला. ते राहिलेच बघ."

पलीकडून उत्तर आले, "आजोबा, किती मोठे होते? माप सांगा."